सुरूच न झालेले दहा दिवस

बाजारात तिला सगळे दाभण म्हणायचे. समोर दाभणताई, पाठीमागे नुसतंच दाभण. गादी शिवायची वीतभर लांब जाड सुई म्हणजे दाभण. हे नाव तिला धंद्यामुळे पडलं की जिभेमुळे, यावर आमच्या ओळीतल्या दुकानदारांत दोन तट होते. ती स्वतः म्हणायची, "दोन्हीमुळे. तुमचं काय जातंय?"

माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या दुकानाला लागून. मध्ये एकच भिंत, आणि तीही वरपर्यंत गेलेली नाही. तिच्याकडचा कापूस त्या फटीतून माझ्याकडे यायचा आणि मशीनमध्ये जाऊन बसायचा. त्यावरून पंधरा वर्षं आमची भांडणं चालली होती, त्यामुळे ओळख घट्ट होती. मी तिला ताई म्हणायचो, ती मला झेरॉक्स.

पन्नाशीला आलेली, हाडापेरानं मजबूत बाई. लग्नाला वेळ मिळाला नाही असं ती सांगायची. वेळ मिळाला असता तरी हिंमत कुणाची झाली असती, असं पलीकडचा कुलूपवाला हळूच सांगायचा.

दुकान तिच्या वडलांनी उभं केलेलं. दारात फोमचे ताव, आत पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाचे तागे, आणि मधोमध बुटकं लाकडी फळकूट. त्यावर गादी पसरून बापलेक दोन बाजूंनी शिवायला बसत. बाबांची नजर अधू झाली होती, पण कोपऱ्यांचे टाके तेच घालायचे. कारागीर कोपऱ्यावरून कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातचा कोपरा दहा वर्षांनीही बसलेला नसायचा.

ताईची आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. कंबरेखालचं काही हलत नव्हतं. बाबांनी तिच्यासाठी तीन तुकड्यांची गादी केली होती: डोक्याचा तुकडा वेगळा, पाठीचा वेगळा, पायांचा वेगळा. दर आठवड्याला एक तुकडा काढायचा, उसवायचा, कापूस मोकळा करायचा आणि पुन्हा भरायचा. चार वर्षांत एकदाही हे चुकलं नाही. आई गेल्यावर त्याच गादीवर बाबा झोपायला लागले.

एका मंगळवारी गुडघा सुजला म्हणून बाबा घरी थांबले होते. ताई दुकानात. दुपारी दारावरची बेल वाजली. पुढचं सगळं ताईनं मला नंतर सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की आता मलाच तिथं असल्यासारखं वाटतं.

दारात तिशीतला एक माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी बॅग. त्यानं आधी प्यायला पाणी मागितलं. बसल्यावर बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग भिंतीवरचा आईचा फोटो बघून विचारलं, "काकू का? काय झालं होतं त्यांना?"

बाबांनी सांगितलं. एकट्या माणसाला कुणी नीट विचारलं की तो सगळं सांगतो. चार वर्षं अंथरुणाला होती, हेही सांगितलं. कुठल्या गादीवर, हेही दाखवलं. त्या माणसानं गादीवर तळहात ठेवला, दाबला आणि मान हलवली. मग म्हणाला, "काका, रागावू नका. तुमचा जीव होता त्यांच्यावर, ते दिसतंय. पण ह्या गादीवर चार वर्षं? मणक्याला आधारच नाही हो. आमची गादी तेव्हा असती तर काकू उठून चालल्या असत्या."

हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे.

बाबांनी चार ठिकाणी सह्या केल्या. दोन गादीच्या करारावर, दोन गादीसाठी काढलेल्या कर्जाच्या कागदांवर. पन्नास वर्षं गाद्या शिवणाऱ्या माणसानं हप्त्यांवर गादी घेतली.

चौथ्या दिवशी ती घरी आली. जाडजूड निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर कंपनीचा शिक्का. ताई संध्याकाळी घरी गेली, आत बघितलं आणि आधी हसायलाच लागली. "काय हो बाबा, शिंप्यानं दुसऱ्याकडून शर्ट शिवून आणावा तसं केलंत!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मग ताईच्या लक्षात आलं की खोलीत तीन तुकड्यांची गादी कुठंच नाही. बाबांनी ती सुजल्या गुडघ्यानं स्वतः, एकेक तुकडा करत खाली नेऊन कचरापेटीशी ठेवली होती. ती धावत खाली गेली. कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती.

"तुम्हाला कळत नाही का ही गादी कसली आहे ते?" ती वर येऊन ओरडली. "हात लावून बघा! आत नुसता फोमचा चुरा आहे!"

"चुरा आहे ते मला पहिल्या दाबातच कळलं," बाबा म्हणाले. "गादी वाईट आहे. पण म्हणून तो बोलला ते खोटं ठरत नाही."

त्या दिवसापासून बाबा दुकानात यायचे थांबले. गुडघा बरा झाला तरी आले नाहीत. "माझ्या हातची गादी यापुढं कुणाला देऊ नकोस," एवढंच ते म्हणायचे. फळकुटाच्या एका बाजूला ताई एकटी शिवायची आणि कोपरे घालायला दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची.

तिनं कंपनीला फोन केला होता, तोही लगेच, पाचव्या दिवशी. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "रद्द करायचंय ना? जरूर करा. लेखीबिखी काही लागत नाही. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल." माणूस आला नाही. सातव्या दिवशी पुन्हा फोन, उद्या येतो. नवव्या दिवशी गाडी बिघडली होती. दहाव्या दिवशी फोनच उचलला नाही. अकराव्या दिवशी ती दुकान बंद करून त्यांच्या शोरूमवर गेली. औषधांच्या दुकानाच्या वर पहिला मजला, काचेचं दार, आत सहा गाद्या मांडलेल्या.

मॅनेजरनं करार उलटून एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. "दहा दिवसांत लेखी कळवायचं असतं, मॅडम. आज अकरावा दिवस. आणि तुम्ही लेखी तर काहीच दिलेलं नाही."

"तुमच्याच माणसानं लेखी नको म्हणून सांगितलं."

"कोणत्या माणसानं?"

तेवढ्यात बाजूच्या टेबलावर कॉफी पिणारा एक जण करारावरचं नाव वाचून म्हणाला, "तुम्ही त्या काकांची मुलगी ना? कसे आहेत काका? झोप लागते ना आता?"

तोच तो. ताईनं तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं, गोडबोल्या, आणि काही न बोलता जिना उतरली. ती काही बोलली नाही म्हटल्यावर मला खरी काळजी वाटली. दुकानात येऊन तिनं फोम कापायचा लांब सुरा काढला आणि धार लावायला बसली.

"ताई, कुणाला?" मी विचारलं.

"गादीला. आज घरी जाऊन तिचं पोट फाडते आणि तो चुरा त्यांच्या काचेच्या दारात नेऊन ओतते."

"थांब जरा," मी म्हणालो. "आधी तो करार मला दे."

नगरपालिकेच्या इमारतीत ग्राहक मदत कक्ष आहे. त्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे असतात म्हणून मला ठाऊक. जिन्याखाली एक खोली, एक टेबल, आणि टेबलामागे बारा महिने सर्दी असलेल्या एक बाई. ताईला मी तिथं घेऊन गेलो. बाईंनी करार पुढून वाचला, मागून वाचला, उजेडाकडे धरला, मग पाकीट उलटं करून झटकलं.

"चिठ्ठी कुठाय?"

"कसली चिठ्ठी?" ताई म्हणाली.

"रद्द करायची. घरी येऊन कुणी वस्तू विकली तर करारासोबत एक सुटी चिठ्ठी द्यावीच लागते. त्यावर छापलेलं असतं, मी हा व्यवहार रद्द करत आहे. खाली सही, तारीख. बस्स. कारणसुद्धा द्यायचं नसतं. दिली होती?"

"चार कागद होते, चारही हे."

बाई नाक पुसत हसल्या. "मग दहा दिवस सुरूच झालेले नाहीत. चिठ्ठी हातात पडते त्या दिवसापासून मोजायचे. चिठ्ठीच दिली नाही तर मोजणार कुठून? कायद्यानं वर एकच मर्यादा आहे, सह्यांपासून एक वर्ष. तोवर केव्हाही रद्द करा. गादी रद्द झाली की तिच्यावरचं कर्जही आपोआप रद्द. न्यायची त्यांनी, त्यांच्या खर्चानं."

ताई पुढे सरकली. "म्हणजे ते अकरावा दिवस म्हणाले ते..."

"तुम्हाला घाबरवलं."

"आणि बाकीच्यांना? ज्यांनी ज्यांनी घेतल्यात, त्यांना दिली असेल का ही चिठ्ठी?"

"ह्या फॉर्मवर ती जोडायला जागाच ठेवलेली नाही. कुणालाच दिली नसणार." बाईंनी करार परत दिला. "पण लोक इथं येत नाहीत हो. अकरावा दिवस म्हटलं की घरी जातात. तक्रार आल्याशिवाय मला हलता येत नाही. आणि एक ऐका, गादीला सुरी लावू नका. एक टाका जरी उसवलात तरी ते त्यावरच बोट ठेवतील."

बाहेर आल्यावर ताई पायऱ्यांवर बसली. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. ते हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची माझी फारशी इच्छा नव्हती.

बाबांच्या सहीचं पत्र मी टाईप केलं, तीन ओळींचं, आणि आम्ही ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं. चौथ्या दिवशी मॅनेजर स्वतः तिच्या दुकानात. गादी नेतो म्हणाला, कर्ज रद्द म्हणाला, गैरसमज झाला म्हणाला. फक्त एका कागदावर सही हवी होती: हा विषय इतर कुणाशीही बोलणार नाही.

ताईनं कागद हातात घेतला, उलटा करून बघितला. "गादी घेऊन जा. हा कागद ठेवून जा. मागची बाजू कोरी आहे, मापं लिहायला बरा आहे."

गादी गेली, कर्ज गेलं. मी तिला म्हणालो, "सुटलीस. झालं तुझं काम."

"माझं काय झालं रे?" ती म्हणाली. "बाबा घरी भिंतीकडे बघत बसलेत. आणि तो? तो आत्ता कुणाच्या तरी घरी पाणी पीत बसला असेल. मला त्याचं हे शहर बंद करायचंय. एक घर त्याच्याकडे राहता कामा नये."

पण गिऱ्हाइकं शोधायची कुठं? कंपनी यादी देणार नव्हती. वाट सापडली ती त्या निळ्या प्लास्टिकमुळे. एवढं जाड प्लास्टिक कोण फेकून देणार? कुणी स्कूटरवर घातलेलं, कुणी बाल्कनीतल्या कुंड्यांखाली, कुणी गळक्या पत्र्यावर. ताई सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी बंद केल्यावर दोन तास गल्ल्यांतून वर बघत फिरायची. निळं दिसलं की जिना चढायची.

कंपनी शहरात येऊन अकरा महिने उलटून गेले होते. म्हणजे सगळ्यात आधी विकलेल्या गाद्यांना वर्ष भरायला एक महिनासुद्धा नव्हता. त्यामुळे ती चालायची नाही, धावायची. पंचवीस दिवसांत तिनं कुणाला दम खाऊ दिला नाही, मला तर नाहीच. कक्षातल्या बाईंनी सांगितलेल्या मजकुराच्या रद्द करायच्या चिठ्ठ्या मी रोज काढत होतो.

बहुतेकांना आधी लाज वाटायची. फसलोय हे दाराशी आलेल्या गादीवालीला कोण सांगेल? मग ती स्वतःच्या बापाची गोष्ट सांगायची. तिचे बाबा, ज्यांच्या हातचे कोपरे अर्ध्या शहरात होते, तेही फसले म्हटल्यावर माणसं दार पूर्ण उघडायची. आणि मग एकेक वाक्य बाहेर यायचं. एका बाईला त्यानं सांगितलं होतं, तुमचं मूल टिकलं असतं. एका म्हाताऱ्याला, भाऊ गेला तो हृदयानं नव्हे, पाठीनं. प्रत्येक घरात एक फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली त्यानं एक वाक्य ठेवलेलं. ताई ती वाक्यं माझ्याकडच्या कोऱ्या कागदांवर लिहून ठेवायची. कुणी मागितली नव्हती. तिला हवी होती.

एकदा मीही तिच्याबरोबर गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक नवरा-बायको, दोघं सत्तरीचे. ते म्हणाले, "आम्हाला बरी वाटते हो. झोप लागते."

मी ताईला डोळ्यानं खुणावलं, चल. ती हलली नाही. "मावशी, हिच्यापेक्षा चांगली मी करून देते. फुकट. आयुष्यभर दुरुस्तीसुद्धा फुकट. पण ही परत करा."

"अगं, पण का?"

"कारण ती त्यानं दिलीय."

म्हाताऱ्या बाईनं घाबरून सही केली. जिना उतरताना मी म्हणालो, "ताई, हे बरं नाही केलंस. त्यांना आवडली होती ती."

"मग तू राहा वर त्यांच्याजवळ," ती म्हणाली आणि पुढच्या गल्लीत वळली. त्यांची गादी तिनं करून दिली, अगदी दिल्या शब्दाप्रमाणे, आणि पुढं दोनदा जाऊन कोपरे ताणूनही आली. पण त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होतं त्याला दयामाया म्हणता येणार नाही.

तेविसाव्या की चोविसाव्या घरात एक निवृत्त सिस्टर निघाली. नवऱ्यासाठी तिनं गादी घेतली होती. ताईचं बोलणं ऐकता ऐकता ती मध्येच म्हणाली, "तीन तुकड्यांची गादी. तू त्यांची मुलगी? मी यायचे ना तुझ्या आईला बघायला, पहिल्या वर्षी." मग काय झालं ते कळल्यावर तिनं चिठ्ठीवर अशी सही केली की कागद फाटला. मी दुसरी काढून दिली.

शेवटी त्रेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. ताईनं त्या एकेक करून पाठवल्या नाहीत. सगळ्या जमवून ठेवल्या. "एकेक गेली तर तो सावरेल," ती म्हणाली. "मला तो एकदम पडायला हवाय." सर्वांत जुन्या कराराला वर्ष भरायला चार दिवस उरले होते. कक्षातल्या बाईंनी सांगितलं होतं की पोस्टात टाकल्याची तारीख धरतात, पोचल्याची नाही. तरी मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

त्याच दिवशी दुपारी गोडबोल्या तिच्या दुकानात आला.

त्याला कुणीतरी सांगितलं असणार. शर्ट इस्त्रीचाच होता, पण गळ्यापाशी ओला. बसा म्हणायची वाट न बघता तो फळकुटाच्या कडेवर टेकला. मी मधल्या फटीतून सगळं ऐकत होतो.

"ताई, तुम्ही लोकांकडून सह्या घेताय असं कळलं. एक गादी परत आली की माझं कमिशन परत जातं. सगळ्या आल्या तर कंपनी मलाच धरेल. मला घर आहे, बायको आहे..."

"माझ्या बाबांना काय म्हणाला होतास?"

"काय म्हणालो?"

"ते मी तुला विचारतेय."

तो खरंच आठवायला लागला. मी स्टुलावर चढून फटीतून बघितलं, त्याचं तोंड अगदी प्रामाणिक होतं. "काकांना... पाठीचं काहीतरी? ताई, दिवसाला चार घरं होतात. आम्हाला शिकवलेलंच आहे, आधी फोटो बघायचा, मग विचारायचं. मला प्रत्येकाचं कसं आठवणार?"

ताईनं सुई कापडात खोचली. कापडावर हात फिरवत राहिली. मग तिनं त्याला ते वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द.

"चल घरी," ती म्हणाली. "त्यांना सांग की ते खोटं होतं."

"सांगतो. लगेच सांगतो. मग थांबवाल ना?"

"आधी चल."

मलाही तिनं बरोबर घेतलं. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. गोडबोल्या त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसला, हात जोडले. "काका, मी बोललो ते खोटं होतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी गाद्या विकतो. तुमच्या गादीत काही वाईट नव्हतं. काकू तुमच्यामुळे... तुमची काही चूक नव्हती." त्याचे डोळे भरून आले.

बाबा त्याच्याकडे निरखून बघत होते, अधू डोळ्यांनी, अगदी जवळून. मग म्हणाले, "तेव्हाही तू असाच रडला होतास."

गोडबोल्यानं घाईनं डोळे पुसले.

"आता तुझं कुठलं खरं मानू मी?" बाबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्या माणसानं नुसते पुन्हा हात जोडले. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

जिन्यात आल्यावर त्यानं ताईला विचारलं, "मी सांगितलं. आता थांबवाल ना?"

ताई म्हणाली, "सकाळी नऊ वाजताच पोस्टात टाकल्या सगळ्या चिठ्ठ्या. ह्यानंच टाकल्या," आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

खोटं नव्हतं. पावत्या माझ्या खिशात होत्या. पण त्याला इथवर आणताना ती ते बोलली नव्हती, आणि मीही बोललो नव्हतो. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. ताई एकेक पायरी सावकाश उतरली, जणू तिला ते दृश्य लवकर संपायला नको होतं.

पुढचं फार लवकर झालं. त्रेचाळीस घरांतून गाद्या न्यायला कंपनीला गाडी पाठवावी लागली. पहिले दोन दिवस त्यांनी टाळाटाळ केली, तर मदत कक्षातल्या बाई नाक पुसत स्वतः शोरूमवर जाऊन बसल्या. आता त्यांच्याकडे तक्रारी होत्या, एक नव्हे, त्रेचाळीस. कर्ज देणाऱ्यांनी हात वर केले आणि कंपनीशी व्यवहारच थांबवला. औषधांच्या दुकानावरची सहा गाद्यांची खोली भरली, मग जिना भरला. औषधवाल्यानं आरडाओरडा केला. ताई रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभी राहून ते बघायची. एकदा मी तिला म्हणालो, पाय दुखतील, तर म्हणाली, "दुखू देत." दीड महिन्यानं काचेच्या दारावरची अक्षरं खरवडून काढलेली दिसली. मॅनेजरची बदली झाली. गोडबोल्याला कंपनीनं काढून टाकलं आणि त्यानं घर सोडलं, असं कुलूपवाल्यानं सांगितलं. त्याच्या घरमालकानं कुलूप बदलून घेतलं होतं.

मी ताईला विचारलं, त्याच्या बायकोचं काय झालं असेल. ती म्हणाली, "माझ्या आईचं काय झालं, ते त्यानं विचारलं होतं. विक्रीसाठी." पुढं बोलायची सोय नव्हती.

मधल्या काळात ती सिस्टर एकदा बाबांना भेटून गेली. ताई दुकानात होती, त्यामुळे हे मला बाबांकडूनच कळलं. सिस्टर बसलीसुद्धा नाही. दारातूनच म्हणाली, "मणक्यातली नस कायमची गेली होती त्यांची. सोन्याच्या गादीवर ठेवलं असतं तरी चालल्या नसत्या. पण चार वर्षं पडून राहिलेल्या बाईच्या पाठीला एक जखम नाही? हॉस्पिटलात आम्ही चौघी मिळून ते करू शकलो नसतो."

"शेवटपर्यंत एकही नव्हती," बाबा म्हणाले. "म्हणजे ते गादीमुळे?"

"मग काय माझ्यामुळे?"

त्यानंतरही बाबा लगेच दुकानात आले नाहीत. तीन आठवड्यांनी एका सकाळी काठी टेकत आले, ताईनं आदल्या दिवशी शिवलेल्या गादीचा कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाले, "हे काय आहे? उशी आहे की कोपरा?" आणि उसवायला बसले. ताई माझ्या दुकानात येऊन उगाचच मशीनमधला कापूस काढत बसली. पण आईसाठी केलेली ती तीन तुकड्यांची गादी त्यांनी पुन्हा कधी केली नाही. दोनदा गिऱ्हाइकानं मागितली, दोन्ही वेळा नाही म्हणाले.

मला वाटलं, आता ताई निवळेल. ती निवळली नाही. गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं की ती गादीचं माप घ्यायच्या आधी विचारायची, तुमच्याकडे दारोदार काय विकतात हो? कोण विकतं? दिसायला कसा आहे? लोकांना वाटायचं, बाईला गप्पांची आवड आहे.

गेल्या महिन्यात एक शिक्षिका उशा न्यायला आली. बसनं तीन तासांवर राहते. तिच्या सासऱ्यांनी नुकतंच ऐकू यायचं यंत्र घेतलं होतं, घरी आलेल्या माणसाकडून, हप्त्यांवर. माणूस फार चांगला, म्हणाली, सासूबाईंच्या फोटोसमोर डोळे पुसत होता.

ताईनं उशा बांधून दिल्या, सुटे पैसे परत केले, शिक्षिकेचा पत्ता लिहून घेतला. मग मधल्या फटीतून आवाज आला.

"झेरॉक्स, चिठ्ठ्या काढ. शंभर."

"ताई, आता पुरे की गं," मी म्हणालो. "तो दुसरा कुणी असेल."

"असेल तर असेल. त्यालाही चिठ्ठी लागूच होते."

मी मशीन सुरू केलं. कापूस अडकला होता, तो काढला, पुन्हा सुरू केलं. ती दारात येऊन उभी राहिली, एकेक कागद बाहेर पडताना बघत. बाबा पलीकडून विचारत होते की दुकान उघडं टाकून ही गेली कुठं. गरम कागदांचा गठ्ठा उचलून तिनं पिशवीत घातला आणि विचारलं, पहाटेची पहिली बस किती वाजता असते.